ताणातली ताकद

हिंदवी शेडगेनं आयुष्यातला पहिला पूर्ण स्प्लिट मारला, तेव्हा मिरजेच्या त्या आखाड्यातल्या झाडून सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. एक पाय दाराकडे, एक खिडकीकडे, आणि मधे हिंदवी, गादीवर सपाट. जिला सगळे 'ओंडका' म्हणत, ती पोरगी भूमितीतल्या सरळकोनासारखी बसली होती! बाबरसरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाले, "शाब्बास! ऊठ आता."

हिंदवी उठायला गेली. उठता येईना.

दुखतबिखत अजिबात नव्हतं. पाय नुसते तिकडे गेले होते आणि परत यायचं नाव काढत नव्हते. तिनं पोट आवळलं, दात आवळले, मनातल्या मनात पायांना चार शिव्याही घातल्या. पाय ढिम्म. कुणा पाहुण्यानं विसरून ठेवलेल्या सामानासारखे पडून राहिले. शेवटी स्वरांगीनं आणि आणखी एकीनं तिच्या काखेत हात घालून तिला उचललं, गॅसची टाकी उचलतात तसं.

"ओंडका तो ओंडकाच," स्वरांगी खिदळली. "आता फक्त दोन फांद्या फुटल्यात."

स्वरांगी बोधले म्हणजे हिंदवीची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिला असं बोलायचा हक्क होता. हिंदवीही हसली. पण घरी जाताना सायकलवर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: माझे पाय, आणि मलाच परत आणता येईनात?

सगळी करामत होती मांडीच्या मागे चिकटवलेल्या एका पट्टीची. कंपनीनं तिचं नाव 'मोकळीक' ठेवलं होतं, पण पोरी नुसतं पट्टीच म्हणायच्या. पट्टी मुळात निघाली ती लकव्याच्या रुग्णांसाठी, ज्यांचे स्नायू आखडून दगड होतात त्यांच्यासाठी. आपल्या प्रत्येक स्नायूत बारीक बारीक पहारेकरी बसलेले असतात. स्नायू ताणला गेला की ते पाठीच्या कण्याला कळवतात, "अहो, ताण वाढला!" आणि कणा मेंदूला विचारत बसत नाही, तडक हुकूम सोडतो, "आवळा!" म्हणून तर वाकून अंगठे धरायला गेलो की मागून मांडी खेचते. पट्टीतलं औषध कातडीतून झिरपून त्या पहारेकऱ्यांना गुंगी आणायचं. पहारा झोपला की पाय कुठेही जायला मोकळा! रुग्ण चालू लागले, छानच झालं. मग दोन वर्षांत ती नाचाच्या क्लासमध्ये आली, जिम्नॅस्टिक्समध्ये आली, आणि खेळाच्या संघटनांनी परवानगी दिल्यावर मल्लखांबाच्या आखाड्यातही आली. जे अंग तयार व्हायला चार वर्षं लागायची, ते आता एका दुपारी होऊ लागलं.

आणि हिंदवीला ते हवंच होतं. कारण तिला कळस व्हायचं होतं.

मल्लखांबावरचा मनोरा म्हणजे एका लाकडी खांबाला पाच पोरी. दोघी खाली, एका पायाची खांबाला अढी, म्हणजे घट्ट वेढा, मारून, दुसरा पाय बाहेर झोकून. दोघी त्यांच्या वर. आणि खांबाच्या अगदी टोकाला, बोंडावर, एकटी एक. तो कळस. ती एका पायावर उभी राहते आणि दुसरा पाय हातानं धरून थेट डोक्यावर नेते. वर्तमानपत्रात फोटो येतो तो तिचा. खालच्या दोघींचे फार तर गुडघे येतात. हिंदवीचे गुडघे आतापर्यंत तीनदा छापून आले होते. यंदा सांगलीच्या जिल्हा स्पर्धेत तिला तोंडासकट छापून यायचं होतं.

तिनं सायकल घराकडे नेलीच नाही. रेल्वे कॉलनीकडे वळवली.

सारिकाआत्या रेल्वेत तिकीट तपासनीस होती आणि त्याआधी, त्यासोबत आणि त्याहून जास्त ती वेटलिफ्टर होती. ड्यूटी संपली की कॉलनीतल्या जुन्या हॉलमध्ये पोरापोरींना वजनं शिकवायची. हिंदवी दारात पोचली तेव्हा ती खडूची पूड हाताला चोळत होती.

"आत्या, माझे पाय जातात, पण परत येत नाहीत."

"मग पाठवतीस कशाला?"

"आत्या!"

"बस. सांग नीट."

हिंदवीनं सगळं सांगितलं. आत्यानं तिला पाठीवर झोपवलं आणि तिचा सरळ पाय हातानं वर ढकलला. पाय आज्ञाधारकपणे नाकापर्यंत आला. "आता मी हात काढते. इथंच धर." आत्यानं हात काढला आणि पाय धप्पकन खाली.

"बघ," आत्या म्हणाली. "गडाचं दार उघडं टाकलंयस आणि आत एक मावळा नाही. जाशील तितकं अंग तुझं नाही. धरशील तितकं तुझं."

"मग ताकद वाढवू? पण वजनं उचलली की अंग आखडतं ना? बाबरसर म्हणतात. आई पण म्हणते. आई तर म्हणते दंड असे होतील की ब्लाउज शिवायला शिंपी दुप्पट कापड मागेल."

"तुझ्या आईला सांग, शिंप्याचं मी बघते. आणि बाबर काय सांगतोय मला? शाळेत दोरीवरच्या उड्या मारताना रडायचा त्यो." आत्यानं बार उचलला, झटक्यात डोक्यावर नेला, आणि तसाच वर धरून खाली बसत गेली. बसत गेली, बसत गेली, पार टाचांना टेकेपर्यंत. पाठ ताठ, खांदे मागे, चेहऱ्यावर स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या बाईचा निवांतपणा. "आता बोल. आखडलीय मी? इथं बसून चहा पिऊन दाखवते. कप तेवढा कुणीतरी तोंडाला लावा."

हॉलमधली पोरं हसली. हिंदवी मात्र बघतच राहिली. बेचाळीस वर्षांची बाई, मांड्या खांबासारख्या, आणि घोटा, गुडघा, कंबर, खांदा, सगळं असं उघडलेलं की पट्टी लावलेल्या पोरींनी लाजावं.

"अर्धवट उचलणारा आखडतो," आत्या उठत म्हणाली. "आरशात दंड बघायला म्हणून वरच्यावर बार हलवतात ना, ती माणसं आखडतात. वजन तळापासनं उचलायचं. जिथं ताण लागतो, जिथं वाटतं आता फाटलं, तिथं हळूहळू जायचं आणि तिथनं जोर लावून वर यायचं. कमी वजनानं सुरुवात. पण एक अट. ती पट्टी काढायची. तुझा पहारेकरी जागा पाहिजे मला. झोपलेल्याला काय शिकवू?"

पट्टी काढायची म्हणजे पुन्हा ओंडका. जिल्हा स्पर्धा जानेवारीत, आणि आता जुलै चालू होता. हिंदवीनं मांडीमागे हात नेला, पट्टीचं टोक नखानं उचललं आणि सर्रकन ओढली. आई गं! लव पण निघाली.

पुढच्या आठवड्यात आखाड्यात तिचा स्प्लिट जमिनीपासून वीतभर वर अडकला. बाबरसरांनी दोनदा बघितलं, मग तिला बाजूला घेतलं. ते वाईट नव्हते. बोलताना सारखे शिट्टीच्या दोरीशी खेळत होते.

"हिंदवी, सगळ्या पुढं चालल्यात आणि तू मागं. पट्टी काढलीस?"

"हो सर. ताकदीचं करतेय. आत्याकडं."

"सारिकाकडं? अगं, ती लोखंड उचलते, आपण वेलीसारखं चढतो. दोन्ही जमत नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "तू खाली राहा. पकड चांगली आहे तुझी. कळस स्वरांगी."

स्वरांगीनं तिला मिठी मारली. "तुला राग नाही ना आला?"

"आला," हिंदवी म्हणाली. "पण तुझा नाही. चल, पाणीपुरी दे."

राग रोज हॉलमध्ये कामाला यायचा. हातात वजन घेऊन, पाय सरळ ठेवून, कंबरेतून सावकाश वाकायचं. मांडी ओरडायची. तिथेच थांबायचं, श्वास घ्यायचा, वर यायचं. पाय लांब टाकून, मागचा गुडघा जमिनीला टेकेपर्यंत खाली जायचं आणि वजनासकट उठायचं. पहिले काही दिवस ती जिना चढताना कठडा धरून चढायची आणि वर्गात बसताना "आय आय गं" करायची. दिवाळीच्या सुट्टीत आई म्हणाली, "किराणा तूच आण, तुला आता झेपतं." हाच काय तो घरचा सत्कार!

पण शास्त्राशिवाय तिचं समाधान होणार नव्हतं. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं हाच विषय घेतला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत साबणाच्या वडीएवढा अल्ट्रासाऊंड होता. मोबाइलला जोडायचा, मांडीला गार जेल लावायचं, की आतले स्नायू पडद्यावर दिसायचे, विंचरलेल्या केसांसारखे तिरपे धागे. जुलैत तिनं आपलं चित्र काढून ठेवलं होतं. डिसेंबरात पुन्हा काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि प्रयोगशाळेत एकटीच नाचली.

धागे लांब झाले होते!

स्नायूचा धागा म्हणजे टोकाला टोक जोडलेल्या कड्यांची साखळी. अर्धवट हालचालीत वजन उचललं तर साखळीला लांब व्हायची गरजच वाटत नाही. पण पूर्ण ताणलेल्या अवस्थेत रोज ओझं पडलं, की शरीर म्हणतं, इथं आपल्याला काम आहे तर! आणि साखळीला नव्या कड्या जोडतं. म्हणजे ताकदीचा व्यायाम नीट केला तर नुसता ताण देत बसण्याइतकीच लवचिकता देतो, आणि वर ताकदही देतो. शिवाय पहारेकरीही शिकतो. इतके दिवस त्या ताणाला "आवळा!" म्हणून बोंब मारणारा तो, रोज बघतो की इथं जाऊनही पोरगी सुखरूप परत येते. मग तो दमानं घेतो. पट्टीनं त्याला झोपवलं होतं. आत्यानं त्याची खात्री पटवली.

प्रयोगात तुलनेला कुणीतरी हवं म्हणून हिंदवीनं स्वरांगीच्याही मांडीची चित्रं काढली होती. जुलैतलं आणि डिसेंबरातलं. तसूभर फरक नव्हता.

"म्हणजे?" स्वरांगीनं विचारलं.

"म्हणजे तुझे धागे आहेत तेवढेच आहेत. पट्टी काढली की—"

"की मी खोटी. असंच ना?" स्वरांगीनं टिश्यूनं जेल पुसलं, जरा जास्तच जोरात. "मी पण रोज दोन तास येते हिंदे. मी पण पडते. तुला कळस मिळाला नाही म्हणून माझी मांडी मोजत बसलीस होय?"

"अगं तसं नाही. तुला वर काही झालं तर तुला धरता येणार नाही, एवढंच म्हणतेय."

"तू आहेस ना खाली. ओंडका." आणि ती गेली. यावेळी तो शब्द हसत म्हटलेला नव्हता.

त्यानंतर त्या दोघी सरावापुरत्या बोलायच्या. "डावीकडं सरक." "हं." बस्स.

स्पर्धेच्या दिवशी सांगलीचं क्रीडासंकुल गच्च भरलं होतं. आत्या सुट्टी टाकून आली होती आणि प्रेक्षकांत सर्वांत मोठ्यानं शिट्ट्या मारत होती. बाबरसर तिच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते.

मल्लखांबाला एरंडेल लावतात, घर्षणानं कातडी सोलवटू नये म्हणून. रोजच्या सरावाला बोटभर पुरतं. पण स्पर्धेला त्यांच्या आखाड्यात एक पद्धत होती: कळसानं स्वतःच्या हातानं अख्ख्या खांबाला तेल लावायचं, खांबाला नमस्कार करायचा, आणि तळहातावर उरलेलं तेल आपल्याच मांड्यांना पुसायचं. खांबाचा प्रसाद म्हणून. कितीतरी वर्षं चालत आलेली पद्धत, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. स्वरांगीनं भक्तिभावानं दोन्ही मांड्या चोळल्या, पुढून, मागून. पट्टीवरूनही.

पट्टी बनवणाऱ्यांनी घामाचा विचार केला होता, पाण्याचा केला होता. एरंडेलाचा करायला ते काही मिरजेला आले नव्हते. आणि एरंडेल कातडीचं दार उघडणारं तेल. औषध जे दिवसभर थेंब थेंब झिरपायचं, ते आता सगळंच्या सगळं आत शिरत होतं.

शिट्टी वाजली. हिंदवीनं डाव्या पायाची अढी मारली, दोन्ही हातांची पकड घेतली, उजवा पाय बाहेर झोकला. मधल्या दोघी चढल्या. स्वरांगी त्यांच्या खांद्यांवरून बोंडावर गेली, एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय हातानं धरून डोक्यावर नेला. टाळ्या कडाडल्या.

आणि त्या टाळ्यांमधून हिंदवीला वरून आवाज ऐकू आला, बारीक, घाबरलेला.

"हिंदे... मला माझे पाय सापडत नाहीयेत."

तिनं मान वर केली. स्वरांगीचा उभा पाय गुडघ्यात दुमडत होता आणि स्वरांगीला ते कळतही नव्हतं. पहारेकरी नुसते झोपले नव्हते, मेल्यासारखे पडले होते. पाय कुठं आहे, वाकलाय की सरळ आहे, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एक क्षण ती बोंडावर डुगडुगली. मग खांबाच्या पुढच्या अंगानं, तेलावरून, सरळ खाली घसरली. मधल्या दोघींचे हात हवेत राहिले.

विचार करायला वेळ नव्हता. हिंदवीनं बाहेर झोकलेला उजवा पाय वर फेकला, आपल्या डोक्याच्याही वर, जिथपर्यंत पाय जातो तिथपर्यंत आणि त्याच्या जरा पुढे, आणि टाच खांबाच्या मागे अडकवली. पाय आणि खांब यांच्या मधे स्वरांगी येऊन आदळली आणि पाय तिच्या कंबरेला पट्ट्यासारखा आवळला गेला.

मांडी पेटली. ताणाच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथं कुणाच्याही पायात काही जोर उरत नाही, तिथं एका अख्ख्या पोरीचं वजन लटकत होतं. हिंदवीच्या आतला पहारेकरी जागा होता. तो "आवळा!" ओरडला. आणि यावेळी हिंदवीला नेमकं तेच हवं होतं. तिनं आवळलं. सगळ्या नव्या कड्यांनिशी आवळलं.

"मी धरलंय," ती दातांतून म्हणाली.

"सोडू नको गं," स्वरांगी हुंदका देत म्हणाली.

"वेडीयेस का? अंग सैल सोड, मला धरून लोंबकळ. पाय विसर, हात आहेत ना तुला?"

सर धावत आले, आत्या तीन रांगा ओलांडून आली, आणि दोघांनी मिळून स्वरांगीला खाली घेतलं. मगच हिंदवीनं पाय सोडला. तो खाली आला तो सावकाश, तिच्या हुकमानं.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. स्वरांगीच्या मांड्या साबणानं धुतल्या, पट्ट्या काढल्या. तासाभरात तिला पायाची बोटं पुन्हा जाणवू लागली आणि ती आनंदानं सगळ्यांना ती हलवून दाखवत सुटली. तेलाचं कारण डॉक्टरांनीच ओळखलं. हिंदवीची मांडी थरथरत होती, पण तंतू न् तंतू शाबूत होता.

परीक्षकांनी निर्णय दिला: अपघात पट्टीमुळे झाला, म्हणून संघाला शेवटी आणखी एक संधी, मात्र सगळ्या पोरींनी पट्ट्या काढून. इतर संघांची सादरीकरणं चालू असताना मधल्या दोघींनी पट्ट्या ओढल्या आणि त्यांची तोंडं पडली. पट्टीशिवाय त्यांना नुसतं चढणं आणि धरणं जमणार होतं, पाय डोक्यावर नेणं नाही. खालच्या जागेवर राखीव खेळाडू चालणार होती. पण वर कोण?

बाबरसर हिंदवीसमोर उकिडवे बसले. शिट्टी हातात गुंडाळलेली.

"त्या ताणात ताकद कुठून आणलीस गं?"

"तळातनं," हिंदवी म्हणाली.

मागून आत्या खाकरली. सर वळलेच नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. "सारिका, चुकलं माझं. आता तरी ते खाकरणं बंद कर." मग ते हिंदवीला म्हणाले, "पाय दमलेला आहे. नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही."

हिंदवीनं स्वरांगीकडे बघितलं. स्वरांगी ब्लँकेट गुंडाळून बसली होती, डोळे सुजलेले, नाक लाल.

"बघतेस काय," स्वरांगी म्हणाली. "चढ. आणि माझ्यासारखी हातानं धरू नको पाय. सगळ्यांना दाखव."

हिंदवी चढली. तेल लावलेला खांब, दोघींचे खांदे, मग बोंड, तळपायाखाली बशीएवढं लाकूड. ती उभी राहिली. दोन्ही हात आडवे पसरले, आणि उजवा पाय वर न्यायला लागली. कुणी ओढत नव्हतं, कुणी धरत नव्हतं. पाय कंबरेपाशी आला, खांद्यापाशी आला, गालावरून गेला, आणि डोक्यावर, सरळ, छताकडे बोट दाखवत थांबला. तिथून वरून तिला सगळे मुंगीएवढे दिसत नव्हते, उलट फार स्पष्ट दिसत होते: आत्याचं उघडं तोंड, सरांची ओली मिशी, आणि ब्लँकेट फेकून देऊन नाचायला लागलेली स्वरांगी. उतरायची शिट्टी झाली. हिंदवी उतरली नाही. आणखी एक शिट्टी झाली. राहू दे की जरा! इतकी वर्षं गुडघे छापून आले होते.

निकाल लागला तेव्हा त्यांचा संघ राज्य स्पर्धेला निवडला गेला होता. फोटोवाले आले. हिंदवीनं स्वरांगीला ओढून शेजारी उभं केलं.

"राज्याला कळस कोण?" एकानं विचारलं.

"मी," हिंदवी म्हणाली. "त्याच्या पुढच्याला ही. सोमवारपासून आत्याकडं येतेय. सहा महिने."

"चार," स्वरांगी म्हणाली.

"सहा."

"पाच, आणि रोज सकाळी मी तुला सायकलवर डबलसीट घेऊन जाईन. तू तेवढंच वजन समज माझ्या पायांना."

"चढावर पण?"

"चढावरच!"

मागून आत्यानं दोघींच्या खांद्यांवर हात टाकला. "डबलसीट मी बसते," ती म्हणाली, "मग चार महिन्यांत तयार होईल बघ."